मानस

आमच्या आगरवाड्यात बांधातल्या लाकडी दाराला
मानस म्हणतात.
नदीचं खारं पाणी किती आत घ्यायचं, कधी अडवायचं,
एवढंच त्याचं काम. बाबा ते चाळीस वर्षं बघतात.

म्हणून बांबोळीला डॉक्टर बुधगावकरांनी विचारलं,
“मानसिक त्रास कधी सुरू झाला?”
तेव्हा बाबांना पहिला शब्द तेवढा ऐकू आला.
“ताका कांय जावंक ना, दोतोर.
फळ्यो घट आशिल्ल्यो. हिणेंच काडल्यो.
शिगम्याचे पुनवेक, रातचे तीन वरांचेर.”
डॉक्टर सांगलीचे. त्यांनी तसंच लिहून घेतलं.

खरं आहे ते.
सहा रात्री मी झोपले नव्हते आणि दमलेही नव्हते.
मीठ लवकर सुकावं म्हणून
म्हापशाहून अकरा टेबलफॅन आणले होते, सोसायटीच्या कर्जावर.
मिठागरात वीज नाही, ही बाब मला क्षुल्लक वाटली.
गावातले ढोल थांबले, माझ्यातले थांबेनात.
नदी उधाणून दाराशी उभी, आणि आपण फळी लावून बसायचं?
मी म्हटलं, ये.
ती आली.
तेवीस वाफ्यांतलं मीठ विरघळलं,
त्यातले नऊ वाफे वासू गडेकरांचे.
मी बांधावर नाचत होते.
इतकं सुंदर काही मी पुन्हा पाहिलेलं नाही.
हेही सांगायला हवं,
नाहीतर पुढे गोळी का थांबवली ते कळणार नाही.

मग ओहोटी.
खऱ्या ओहोटीला निदान वेळ असते.
ब्रश आणि तोंड यांच्यामध्ये अख्खी शापोरा नदी.
केसांचा गुंता आईने शेवटी कात्रीने कापला.
देवळात गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला,
आणि शेजारणी म्हणाल्या, बरी झाली हो पोर,
बघा कशी गप्प पडून असते.

डॉक्टरांनी कागदावर एक लाट काढली,
वर बोट ठेवलं, खाली बोट ठेवलं,
म्हणाले, दोन्ही एकच आजार.
औषध लिथियम. एक प्रकारचं मीठच.
आई हसली. त्या खोलीत पहिल्यांदाच.
मिठाच्या घरात मीठ बाहेरून आणायचं!

रात्री गोळी, बारा तासांनी सकाळी रक्त.
शून्य पूर्णांक सात. कमी पडलं तर पाणी चढतं,
जास्त झालं तर तेच विष.
उन्हात घोटघोट पाणी पीत राहा,
जेवणातलं मीठ मनाने सोडू नको,
झोप कमी झाली तर त्याच दिवशी फोन कर.
कपबशी वाजते माझ्या हातात. पाहुणे आले की मी पेल्यात चहा घेते.

दुसऱ्या वर्षी कार्तिकात गोळी बंद केली.
बरी झाले म्हणून नव्हे,
त्या रात्रीची आठवण आली म्हणून.
पाचव्या दिवशी मी पहाटे दोनला स्वयंपाकघर रंगवत होते.
बाबा काही बोलले नाहीत.
मानसीला कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली,
आणि मला गाडीत बसवलं.

आता भिंतीवरच्या पंचांगात दोन हस्ताक्षरं आहेत.
बाबांचं: उधाण, भांग.
त्याखाली माझं: सहा तास. साडेसात. चार, फोन केला.
दोघांचा मेळ बसतो का म्हणून मी वर्षभर पाहिलं.
बसत नाही. माझं पाणी तिथी मानत नाही.
वासू गडेकर अजून बोलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

गेल्या महिन्यात अष्टमीला बाबांना कणकण होती.
त्यांनी किल्ली काढून उशाशी ठेवली
आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

मी गेले. भांगाचं पाणी, अंगात जोर नसलेलं.
फळी चार बोटं उचलली. हात थरथरत होता,
गोळीमुळे. थोडा भीतीमुळेही.
पाणी घोट्यापर्यंत आलं, नडगीला लागलं.
मी थोडा वेळ नुसतीच उभी राहिले.
मग फळी खाली सोडली.

घरी येऊन लिहिलं:
अष्टमी. झोप सात. फळी मी लावली.